बाइकपॅकिंगचे हलके सामान: निवड आणि निगा

बाइकपॅकिंग म्हणजे काय

मागच्या चाकावर कॅरिअर बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या टांगणे ही सायकल प्रवासाची जुनी पद्धत. बाइकपॅकिंगमध्ये कॅरिअर नसते. फ्रेमचा त्रिकोण, सीटची मागची बाजू, हँडलबार आणि पुढच्या फोर्कचे दांडे यांनाच पिशव्या पट्ट्यांनी घट्ट आवळल्या जातात. अलास्कातील बर्फावरच्या सायकल शर्यतींत आणि उत्तर अमेरिकेच्या डोंगरी कच्च्या वाटांवर ही पद्धत घडत गेली. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटरची ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत २००८ मध्ये सुरू झाली. पुढच्या दशकात ही रचना जगभर परिचित झाली. कॅरिअर गेल्याने वजन घटते, तशी जागाही आटते. त्यामुळे प्रत्येक वस्तू हलकी आणि शिवाय लहान घडी होणारी असावी लागते. महाराष्ट्रात अशा सफरींना दोन प्रदेश विशेष अनुकूल आहेत: सह्याद्रीचे घाट, आणि रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग, ज्यावर दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. पुढील विवेचनात मुख्यतः याच प्रदेशातील हिवाळी, काही दिवसांच्या सफरी गृहीत धरल्या आहेत.

वजनाचा खरा हिशेब

हलक्या सामानाच्या जाहिरातींत ऊर्जेच्या बचतीची भाषा असते. हिशेब मांडल्यावर चित्र थोडे वेगळे दिसते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठताना बाराशे मीटरहून अधिक उंची चढावी लागते. तीन किलो जादा वजन बाराशे मीटर वर नेण्यासाठी लागणारे कार्य सुमारे ३५ किलोज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्के धरली, तरी शरीराला पडणारा खर्च चाळीस किलोकॅलरींच्या आतबाहेर राहतो. एका केळ्यातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो असताना तीन किलो घटले, तर त्याच शक्तीने तीन तासांचा चढ सहाएक मिनिटे आधी संपतो. सपाट रस्त्यावर तर वजनापेक्षा हवेचा रोधच अधिक जाणवतो, आणि तेथे बाइकपॅकिंगच्या पिशव्यांचा अरुंद आकार उपयोगी पडतो.

हलकेपणाचा मोठा लाभ अन्यत्र आहे. उतारावर ब्रेकना कमी उष्णता सोसावी लागते, स्पोक आणि रिमवरचा ताण घटतो, खडकाळ वाटेवर सायकल वळवता येते आणि प्रसंगी खांद्यावर उचलता येते. म्हणूनच केवळ ग्रॅम कमी करण्यासाठी महागडी वस्तू घेण्याआधी अनावश्यक वस्तू वगळणे अधिक फलदायी. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर प्रत्येक वस्तू तोलून यादी करावी. अन्न, पाणी आणि इंधन सोडून जे उरते ते मूळ वजन. सफरीहून परतल्यावर न वापरलेल्या वस्तूंवर खूण करावी. औषधे आणि दुरुस्तीचे सामान सोडून खूण झालेली प्रत्येक वस्तू पुढच्या खेपेस संशयित ठरते.

पिशव्यांची मांडणी

जड वस्तू खाली आणि मध्यभागी, हा मूलभूत नियम. हत्यारे, खाद्यपदार्थ, पॉवरबँक यांची जागा फ्रेमच्या त्रिकोणात. सीटमागची पिशवी लांब तरफेसारखी डोलते. तिच्यात कपडे आणि स्लीपिंग बॅग असे फुगीर पण हलके सामान असावे आणि सर्वांत जड भाग सीटच्या दांड्याला टेकलेला असावा. हँडलबारच्या गुंडाळीमुळे ब्रेकच्या केबल दुमडू नयेत आणि दिवा झाकला जाऊ नये. फोर्कच्या दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे; फोर्क किती भार पेलतो हे निर्मात्याने सांगितलेले असते. लहान मापाच्या फ्रेमवर सीटची पिशवी मागच्या टायरला घासते आणि ही घासण बहुधा पहिल्या मोठ्या खड्ड्यातच कळते. त्यामुळे निघण्यापूर्वी सर्व सामान भरून खराब रस्त्यावर दहा-वीस किलोमीटरची फेरी आवश्यक.

कापड: डेनियर, लेप आणि पाण्याचा स्तंभ

नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. हलक्या तंबूंचे कापड १० ते ३० डेनियरचे असते. पिशव्यांचे कापड याच्या कितीतरी पट जाड, कारण त्यांना चिखल, फांद्या आणि फ्रेमचे घर्षण सोसायचे असते. रिपस्टॉप विणीत ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट असते. फाटलेली जागा त्या चौकटीपाशी थांबण्याची शक्यता वाढते. नायलॉन बळकट, पण पाणी शोषून सैल पडणारे. म्हणून रात्री ताणून उभारलेला नायलॉनचा तंबू पहाटे लोंबतो. पॉलिस्टर तुलनेने कमी बळकट असले तरी ओलाव्यात फारसे ताणले जात नाही आणि उन्हातही अधिक टिकते. डायनीमा कॉम्पोझिट हे अतिशय हलके कापड मूळचे शर्यतीच्या नौकांच्या शिडांचे. ते पाणी शोषत नाही, परंतु घर्षणापुढे आणि टोचण्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. बाभळीच्या प्रदेशात हे विसरून चालत नाही.

जलरोधकता मिलिमीटरमध्ये मोजतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभारून तो किती उंच झाल्यावर पाणी झिरपू लागते, हे पाहिले जाते. तंबूच्या छताला १,५०० ते ३,००० मिलिमीटर पुरेसे असतात. तळाला अधिक हवेत, कारण गुडघा टेकला की ओल्या जमिनीवर पडणारा दाब पावसाच्या थेंबापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

श्वास घेणाऱ्या जॅकेटची मर्यादा घाटात लवकर कळते. घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. पावसाळ्यात कोकणची हवा आधीच उबदार आणि बाष्पाने भरलेली असल्याने हा फरक अल्प राहतो. भारी किमतीचे जॅकेट घातलेला माणूसही आतून भिजतो. तेथे काखेत चेन असलेले साधे जॅकेट किंवा मोकळी पोंचो अधिक उपयुक्त. भिजणे मान्य करून लवकर सुकणारे कपडे निवडणे हा त्याहूनही व्यवहार्य मार्ग आहे.

निवारा आणि झोप

स्लीपिंग बॅगची निवड किमान तापमानावर ठरते. जानेवारीत रत्नागिरीचे सरासरी किमान तापमान १९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पुण्याचे ११ ते १२. घाटमाथ्यावर त्याहून खाली उतरते. किनाऱ्यावर रेशमी अस्तरावर किंवा पातळ चादरीवर भागते. मच्छरदाणी मात्र सोडता येत नाही. देशावर आणि घाटमाथ्यावर हलकी स्लीपिंग बॅग लागते. लडाख-स्पितीसाठी घेतलेली जाड बॅग येथे आणणे म्हणजे किलोभर निरुपयोगी वजन. पिसांचे भरण वजनाच्या तुलनेत सर्वाधिक ऊब देते. एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात, तो त्यांचा फुलाव्याचा आकडा. ८०० चे भरण ६०० पेक्षा कमी वजनात तेवढीच ऊब देते. परंतु पिसे ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम तंतूंचे भरण जड असले, तरी ओलाव्यात काही ऊब राखते.

मॅटचे उष्णतारोधन आर-मूल्याने सांगतात. २०१८ पासून त्याच्या मोजणीसाठी सामाईक प्रमाण आहे, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. येथील हिवाळ्यात एक ते दोन एवढे मूल्य बहुधा पुरते. हवा भरायची मॅट आरामदायी, पण काट्याला भिते. फोमची मॅट फुटत नाही. मात्र ती बाहेर बांधावी लागते आणि वाऱ्याला अडते.

चूल

कोकणात आणि घाटमाथ्यावर खानावळी, चहाच्या टपऱ्या आणि घरगुती जेवणाची सोय इतकी आहे की बहुतेक सफरींत चूल, भांडे आणि इंधन हे अर्धा-पाऊण किलो सरळ वगळता येते. शिवाय ज्वलनशील वायूचे डबे विमानातून किंवा रेल्वेतून नेण्यास मनाई आहे.

वीज

१०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवरबँकेत ३.७ व्होल्टला ३७ वॉट-तास ऊर्जा असते. रूपांतरातील घट वजा जाता त्यातील दोन तृतीयांशाच्या आसपास फोनपर्यंत पोहोचते. डायनॅमो हब सुमारे तीन वॉट देतो, पण घाटातल्या चढावर वेग घटला की ही शक्तीही घटते. दर एक-दोन दिवसांनी भिंतीतला प्लग सापडणाऱ्या प्रदेशात पॉवरबँक सरस.

दुरुस्तीची पिशवी

येथे वजन वाचवण्याचा मोह घातक ठरतो. गावच्या सायकल दुकानात २८ × १½ किंवा २६ × १⅜ मापाची ट्यूब मिळेल, तीही बहुधा डनलॉप व्हॉल्व्हची. ७०० सी किंवा २९ इंची चाकाची ट्यूब मिळेलच असे नाही. म्हणून दोन ट्यूब, ठिगळे, सोल्युशन आणि हातपंप सोबत असावेत. प्रेस्टा व्हॉल्व्ह असल्यास काही ग्रॅमचा पितळी अडॅप्टर ठेवावा. त्यामुळे मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. टीपीयूच्या ट्यूब साध्या ब्युटाइल ट्यूबच्या निम्म्याहून हलक्या असतात आणि सुटी ट्यूब म्हणून उत्तम, पण त्यांना वेगळी ठिगळे लागतात. चेन तोडणारे हत्यार, आपल्या चेनच्या मापाची जोडकडी, ब्रेक पॅड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सुई आणि जाड दोरा हे बाकीचे सामान. मागच्या डिरेलरचा हँगर आवर्जून घ्यावा. तो प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो आणि मोठ्या शहरातही मागवावा लागतो. वाटेत मोडला तर सफर तेथेच थांबते.

निगा: ओल, मीठ आणि उष्णता

हलके सामान म्हणजे पातळ सामान. जाडीने मिळणारे आयुष्य येथे निगराणीने मिळवावे लागते. आपल्याकडे ते वापराने जेवढे झिजते, त्याहून अधिक कपाटात बिघडते. तंबूच्या आणि पिशव्यांच्या आतील पॉलियुरेथेनचा लेप उष्ण व दमट हवेत जलविच्छेदनाने तुटतो. आधी आंबट वास, मग चिकटपणा, शेवटी लेप पापुद्र्यांनी सुटतो. हा ऱ्हास उलटवता येत नाही, फक्त लांबवता येतो. त्यासाठी तंबू पूर्ण कोरडा करून सैल घडीत, हवेशीर जागी ठेवावा. पत्र्याखालचा तापलेला माळा ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा. स्लीपिंग बॅगही छोट्या पिशवीत कोंबून न ठेवता मोकळी टांगावी. तोंडाने फुगवलेल्या मॅटमध्ये श्वासाचे बाष्प साठून बुरशी धरते. झडप उघडी ठेवून ती पसरून ठेवणे योग्य.

जॅकेटच्या बाहेरच्या थरावर पाणी ओघळवून टाकणारी प्रक्रिया केलेली असते. घाम, धूळ आणि साबणाचे अवशेष तिला निष्प्रभ करतात. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरऐवजी अशा कपड्यांसाठीचा द्रव वापरावा, भरपूर पाण्याने खळबळावे आणि लेबलवर परवानगी असल्यास मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने तिचा परिणाम बराचसा परततो. शिवण गळू लागल्यास लेप ओळखणे महत्त्वाचे. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर सिलिकॉनचाच सीलर धरतो, पॉलियुरेथेनवर पॉलियुरेथेनचा. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी उचलला जातो.

सागरी मार्गावरून परतल्यावर मीठ काढणे पहिले काम. गोड्या पाण्याची मंद धार पुरते; जोराचा फवारा बेअरिंगमधले ग्रीस घालवतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसलेल्या पोलादी बोल्टांना ग्रीस नसेल, तर खाऱ्या ओलाव्यात ते गंजून जाम होतात. पिशव्यांच्या चेनमध्ये अडकलेली जांभ्याची धूळ ब्रशने झाडावी आणि दातांवर मेणबत्ती घासावी. पट्ट्या जेथे फ्रेमला टेकतात तेथे पारदर्शक संरक्षक टेप लावावी. पट्टीखाली अडकलेली वाळू रंग खरवडते, आणि कार्बनच्या फ्रेमवर हे नुकसान रंगापुरते थांबेल याची शाश्वती नसते.

सायकलच्या चेनच्या बारा इंच लांबीत चोवीस पिच बसतात, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ही लांबी दीड मिलिमीटरने वाढली की झीज अर्धा टक्का झाली. अकरा-बारा गिअरच्या चेन या टप्प्यावर बदलल्यास महागडी कॅसेट वाचते. धुळीत मेणाचे वंगण स्वच्छ राहते, पावसात तेल अधिक टिकते. ट्यूबलेस टायरमधील द्रव उष्ण हवेत काही महिन्यांत सुकतो. सफरीपूर्वी त्याची पातळी पाहावी.

काय कमी करू नये

मागचा लाल दिवा, परावर्तक पट्टा, हेल्मेट, प्रथमोपचार आणि चांगले ब्रेक पॅड यांची निवड वजनावरून करू नये. पाण्याचेही तसेच. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि त्याची हलकी आवृत्ती नसते. सह्याद्रीतील बरेचसे झरे मार्चनंतर आटतात. अशा वेळी मूळ वजनातून वाचवलेल्या तीन किलोंच्या जागी तीन लिटर पाणी घेणे, हाच त्या बचतीचा सर्वांत चांगला उपयोग.