पाय धरून ठेवणारी जमीन

जमीन चांगली झाली की नाही, हे आपल्याकडे कसं ओळखतात? वरून हात फिरवून. हात सुळकन पुढे गेला की मिस्त्रीची पाठ थोपटायची! घोटून घोटून आरशासारखा केलेला कोबा ही कुर्ल्याच्या चाळींत एके काळी मिरवण्याची गोष्ट होती. कोरड्या खोलीत तो शोभतोही. पण तसाच कोबा मोरीत, गच्चीवर, वजूच्या हौदाभोवती किंवा पोहण्याच्या तलावाच्या काठावर केला, तर कौतुक संपतं आणि कंबर सुरू होते. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. म्हणून आज थोडं बोलू या खरखरीत जमिनीविषयी.

तुम्ही म्हणाल, पोहण्याच्या तलावाशी आमचा काय संबंध? चेंबूरला जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या नावाचा आणि शिवाजी पार्कला महात्मा गांधींच्या नावाचा, असे महापालिकेचे तलाव आहेतच. शिवाय चाळी आणि कारखाने पाडून जे मनोरे उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी पार्किंगच्या छतावर निळं पाणी दिसू लागलं आहे. काल नळाच्या रांगेत उभी असलेली माणसं आज सोसायटीच्या सभेत तलावाचा काठ कसा असावा यावर मत देतात. तेव्हा मत देण्याआधी चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट, पाय घसरतो कशाने? तळवा आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा येतो. जमीन गुळगुळीत असेल तर त्याला निसटायला वाट मिळत नाही आणि पाय त्याच्यावर तरंगतो. जमीन खरखरीत असेल तर पाणी खळग्यांत उतरतं आणि उंचवटे तळव्याला भिडतात. आपल्या आयांना हे पाट्यावरून माहीत होतं. पाटा झिजून गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग टाकी लावून देणाऱ्या बाया गल्लीत हाक देत यायच्या आणि छिन्नीने पाट्यावर बारीक खळगे पाडून द्यायच्या.

कुर्ला तर दगडाचंच गाव. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर इथल्याच पिवळसर दगडाचा आहे. दगडाची एक सोय असते, त्याला पोत केव्हाही देता येतो. आज नाही दिला तर दहा वर्षांनी टाकी लावा. काँक्रीटचं तसं नाही. ते ओलं असताना जे दोन-तीन तास हाती असतात, त्यांतच त्याचा पोत ठरतो. नंतर घासूनपुसून दुरुस्ती होते, पण ती खर्चाची आणि अर्धवट.

आता प्रकार पाहू. सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाचा म्हणजे झाडूचा पोत. अर्धवट घट्ट झालेल्या काँक्रीटवरून नायलॉनचा मऊ, रुंद झाडू एकदाच ओढायचा. खराटा नको, त्याच्या रेघा खोल जातात आणि पोरांचे गुडघे सोलवटतात. रेघा तलावाकडून गटाराकडे जाव्यात. माणसं काठाकाठाने चालतात, त्यामुळे रेघा पावलांना आडव्या पडतात आणि पाण्यालाही वाट मिळते.

दुसरा प्रकार उघड्या खडीचा. वरचा थर उशिरा घट्ट व्हावा म्हणून त्यावर रसायन फवारतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी तो धुऊन काढतात, म्हणजे खडी वर दिसते. मात्र खडी गोल, नदीतल्या गोट्यांसारखी हवी. क्रशरमधून आलेली काळी खडी अनवाणी पायाला टोचते. तिसरा प्रकार ठशाचा. रबरी साचे दाबून दगडी फरशीचा आभास करतात. दिसतो सुंदर, पण ठसा उथळ असला आणि वरून चकचकीत लेप दिला, तर फिरून आपण गुळगुळीत कोब्यावरच येतो. चौथा प्रकार जुन्या काठासाठी. सिमेंट आणि पॉलिमरचं मिश्रण शिंतोड्यांसारखं फवारतात आणि त्याची टोकं थापीने हलकेच दाबतात. पण खालची जमीन भक्कम हवी, नाही तर तिची भेग वर डोकावतेच. जाड मीठ दाबून खळगे पाडण्याचीही एक रीत आहे. पण मिठाचं आणि लोखंडी सळीचं वैर जुनं आहे, मुंबईच्या खाऱ्या हवेत ते घरात बोलावू नये.

निवड कागदावरच्या फोटोवरून करू नका. ठेकेदाराकडून दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना करून घ्या. तो उन्हात ठेवा, मग त्यावर पाणी ओता, थोडा साबण टाका आणि कुणाचा तरी हात धरून अनवाणी उभे राहा. तळहाताने चोळून पाहा. पाय धरला पाहिजे, पण कातडी सोलता कामा नये. मोठं काम असेल तर लोलकाची चाचणी करून घेता येते. झुलत्या दांड्याला लावलेलं रबर ओल्या जमिनीवर किती अडतं, ते ती मोजते. ब्रिटनमध्ये ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. रंग फिका घ्या. गडद काठ मे महिन्यात तव्यासारखा तापतो.

आता प्रत्यक्ष काम. छतावरचा तलाव असेल तर काठ ओतण्याआधी खालच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून गळती तपासा. उतार तलावापासून बाहेर, मीटरला सुमारे २ सेंटिमीटर. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला रेतीतली ओल धरून २२ ते २५ लिटर पाणी पुरे. माल पसरायला सोपा जावा म्हणून वरून बादली ओतली की ताकद गेलीच म्हणून समजा.

काँक्रीट पसरल्यावर पृष्ठभागावर पाणी सुटतं. ते आपोआप जिरेपर्यंत थांबायचं. इथेच घाई होते. संध्याकाळ व्हायला आलेली असते, मुकादम ओरडत असतो आणि पाणी शोषून घ्यायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं जातं. त्याने वर एक अशक्त साय धरते. वर्षा-दोन वर्षांत ती भुकटी होऊन किंवा पापुद्र्यांनी सुटते आणि तिच्याबरोबर आपला सगळा पोत जातो. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करा आणि एका दिवसात झेपेल तेवढंच ओता.

जाडी १०० मिलिमीटर असेल तर अडीच ते तीन मीटरवर सांधा हवा, २५ मिलिमीटर खोल, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत कापलेला. काँक्रीट आकसताना तडकणारच, सांध्यामुळे ते आपण सांगू तिथे तडकतं. छतावर हे पातं वॉटरप्रूफिंगपर्यंत जाऊ देऊ नका. तलावाची कड आणि काठ यांमधली फट सिमेंटने कधीही बुजवू नये, तिथे लवचीक सीलंटच भरावं. मग गोणपाटं टाकून पाणी मारायचं. हल्लीच्या मिश्र सिमेंटला भारतीय मानकानुसार किमान १० दिवस ओल लागते. चौथ्या दिवशी पाण्याची नळी गुंडाळून ठेवलेली दिसली, तर विचारा.

पुढे लेप द्यायचा झाला तर आत मुरणारा घ्या. वर चकाकणाराच हवा असेल तर त्यात बारीक कणांची भुकटी मिसळून घ्या. आणि पावसाळ्यात शेवाळ घासून काढत जा. खळगे शेवाळाने भरले की कितीही महाग पोत असला तरी तो गुळगुळीतच.

सोसायटीच्या सभेत ठेक्याचा कागद समोर येईल, तेव्हा उतार, नमुना, सांधे आणि दहा दिवसांचं पाणी या चार गोष्टी त्यात लिहिल्या आहेत का ते पाहा. रंगावरचं भांडण नंतर करा.