काळादाण्याचे बी

रात्रपाळी सुटल्यावर पिंपरीत घरी निघालेल्या कामगारास कुंपणावर काळादाण्याचे निळे फूल उमललेले दिसते. दुपारपाळीस जाणाऱ्यास तेच कोमेजलेले आढळते. मागे राहते ते बोंड. त्यात तीन कप्पे, प्रत्येकात बहुधा दोन बिया. वेल वर्षभरात मरतो, बोंड वाळून फुटते आणि बी बुडाशीच सांडते. कवच कठीण, सर्वच बियांत पाणी एकदम शिरत नाही. काही पहिल्या पावसात रुजतात, काही पुढल्या सालासाठी दबून राहतात. आपण मात्र वाळलेला वेल ओरबाडतो आणि कुंपण साफ झाले म्हणतो. मित्रहो, ती पेरणीच झाली! वेल नको असेल तर बोंडे हिरवी असतानाच तो उपटून काढावा. बिया तीव्र रेचक असतात. वस्तीतल्या पोरांच्या हाती त्या लागू देऊ नयेत.