दाबाखालचा प्राणवायू

माझ्या मामूंच्या पायाची जखम तीन महिने भरेना. मधुमेह जुना. कुणीतरी सुचवलं, ऑक्सिजनच्या खोलीत बसवा, पंधरा दिवसांत पाय ठणठणीत. मी बी.ए.ला विज्ञानाशी काडीमोड घेतलेला माणूस. निमूटपणे मामूंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी समजावलं ते गोटी सोड्याच्या बाटलीवरून.

गोटी आत ढकलली की फस्स आवाज व्हायचा आणि गप्प बसलेल्या पाण्यात बुडबुड्यांची धांदल उडायची. तो वायू दाबाखाली पाण्यात विरघळून बसलेला असायचा. दाब सुटला की तो निघाला. द्रवावर वायूचा दाब जितका जास्त तितका तो अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला.

खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तातही हवेतला नायट्रोजन असाच विरघळतो. तो घाईने वर आला तर रक्ताचाच सोडा होतो. सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या प्रचंड पेट्यांत उतरून खोदला गेला. तिथल्या मजुरांना हा आजार जडला. १८७२ साली मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्याने अंथरुणाला खिळले. यावर इलाज एकच. रोग्याला बंद खोलीत पुन्हा दाबाखाली न्यायचं आणि सावकाश बाहेर आणायचं.

मग त्याच खोलीत शुद्ध प्राणवायू दिला तर? निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी सकाळच्या लोकलसारख्या आधीच भरलेल्या असतात. त्यांत आणखी प्राणवायू कोंबता येत नाही. पण रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, जवळजवळ रिकामा असतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाने शुद्ध प्राणवायू घेतला, तर तो सुमारे ६ मिलिलिटर होतो. विश्रांतीच्या वेळी शरीराला साधारण तेवढाच लागतो. ॲमस्टरडॅमच्या इटे बोरेमा या शल्यविशारदाने डुकराच्या पिलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या. तरीही अशा खोलीत ती जगली. १९६० साली त्याने या प्रयोगावरच्या निबंधाला नाव दिलं, ‘रक्ताविना जीवन’. कवीला हेवा वाटावा असं नाव.

उपयोग खरे आहेत. पाणबुड्यांचा आजार, रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा, प्राणवायूत तग न धरणाऱ्या जंतूंचा गॅस गँगरीन. या शेवटच्यात शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं आधी, खोली नंतर. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड होतो. तो तांबड्या पेशी बळकावून बसतो. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, दाबाखालच्या प्राणवायूत वीस-पंचवीस मिनिटं. अर्थात अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचं आणि मास्कने प्राणवायू सुरू करायचा. गंभीर रुग्णांसाठी खोलीचा विचार पुढे होतो.

आत साधारण दीड-दोन तास बसायचं. विमानात बसतात तसे कान दडे बसतात, म्हणून आवंढे गिळायचे. काडेपेटी, मोबाइल, तेल, नायलॉनचे कपडे बाहेर. प्राणवायूत ठिणगी म्हणजे वणवा. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक पाच वर्षांचा मुलगा अशा खोलीला लागलेल्या आगीत गेला. स्वमग्नतेपासून कर्करोगापर्यंत सगळं या खोलीने बरं होतं, असं सांगून पैसे उकळले जातात. त्याला आधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ सालीच लोकांना तसं बजावलं होतं.

मधुमेहाच्या जखमेचं काय? काहींना फायदा होतो. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, बोरेमाच्याच नेदरलँडमधल्या १२० रुग्णांच्या चाचणीत पाय वाचण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी हे झाकून ठेवलं नाही. म्हणाले, “चाचा, आधी साखर ताब्यात, मग पायाचा रक्तपुरवठा तपासू, मेलेलं मांस काढू, पायावर भार नाही. खोलीचं त्यानंतर.”

तसंच केलं. पुढे तीस बैठका झाल्या. करंगळी गेली, पाऊल राहिलं. मामू त्याचं श्रेय रोज सकाळी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरना देतात.