चहाचा चमचा रेकॉर्ड करताना

‘चहाचा चमचा’ हे दोन शब्द जरा मोठ्यानं म्हणून पाहा. त्यांत च चार वेळा येतो. पहिला च म्हणताना जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूला लागतो. पुढचे तिन्ही च म्हणताना मात्र जिभेचं टोक वरच्या दातांमागे जातं आणि आवाज ‘त्स’कडे झुकतो. व्याकरणात पहिल्याला तालव्य आणि दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात. छापताना दोन्ही सारखेच दिसतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा फरक कुणी शिकवलेला नसतो आणि आपण तो करतो याचा पत्ताही बहुतेकांना नसतो. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत तो नव्हता. माझे कान उघडले ते शेजारी राहायला आलेल्या लखनौच्या एका मुलीमुळे.

नोकरीसाठी पुण्यात आलेली ही मुलगी मनापासून मराठी शिकते. शनिवार-रविवारी वर्गाला जाते, वर्तमानपत्र वाचते, शब्द वहीत उतरवून घेते. एका संध्याकाळी हिरमुसून म्हणाली, “काकू, मी भाजीवाल्याशी पूर्ण मराठीत बोलते, तरी ते मला हिंदीतच उत्तर देतात. माझं काय चुकतं?” तिचं ‘चुकतं’ ऐकलं आणि उत्तर त्या शब्दातच सापडलं. तिचा च ‘चिंच’मधला पहिला होता, ‘चूक’मधला नव्हता. मी म्हणून दाखवलं. तिनं म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. दहा वेळा झाल्यावर ती कळवळून म्हणाली, “मी तेच तर म्हणतेय!”

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या कानाला दोन्ही खरोखरच एक वाटत होते. मग मी लॅपटॉप उघडला.

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुणाचंही जे होतं, तेच तिचं झालं. “हा माझा आवाज नाही,” म्हणाली. बोलताना आपला आवाज आपल्याकडे दोन वाटांनी येतो. एक वाट हवेतून, ओठांपासून कानापर्यंत. दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. श्रवणयंत्रणेवरच्या कामासाठी 1961 चं नोबेल मिळालेले गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1949 मध्ये दाखवून दिलं होतं, की या दोन वाटांनी येणारा आवाज जवळपास सारख्याच ताकदीचा असतो. हाडातून येणाऱ्या आवाजात खालच्या सुरांचा भरणा जास्त, म्हणून स्वतःला आपण भारदस्त वाटतो. मायक्रोफोनकडे फक्त हवेची वाट असते, त्यामुळे त्यातला आवाज पातळ वाटतो. पण जगाला आपला आवाज रोज असाच ऐकू येतो. भाषा शिकणाऱ्यानं हा पहिला धक्का पचवून पुढे जावं. आठवड्याभरात तो विरतो.

बोलताना आपली चूक आपल्यालाच ऐकू येत नाही, याचं एक कारण मेंदूत आहे. आपण बोलत असतो तेव्हा मेंदूतलं श्रवणाचं केंद्र स्वतःच्या आवाजाला कमी प्रतिसाद देतं. तोच आवाज नंतर स्पीकरवरून ऐकवला तर जास्त देतं. बोलताना लक्ष आशयाकडे असतं. शब्द आठवायचा असतो, लिंग-वचन जुळवायचं असतं. तेवढ्यात जीभ कुठे लागली याकडे कोण बघणार? रेकॉर्डिंगमुळे बोलणं आणि ऐकणं ही कामं वेगळी होतात, आणि उडून जाणारा शब्द जागच्या जागी धरून ठेवता येतो.

एवढं झालं की चूक आपोआप ऐकू येईल, असं मात्र मुळीच नाही. मला या साऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ‘स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐका’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच आहे. जपानी भाषेत इंग्रजीसारखे र आणि ल वेगळे नाहीत. हिरोमु गोतो यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जपानी माणसं अशी आढळली, की त्यांचे इंग्रजी र आणि ल अमेरिकन लोकांना नीट वेगळे कळत होते. ऐकून ओळखायची वेळ आली की मात्र तीच माणसं गोंधळत. जीभ शिकली होती, कान मागेच राहिला होता.

कान मागे राहतो तो फार लहानपणी. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर बहुतेकांचा तो हरवलेला होता. वर्षाच्या आत बाळ आपल्या भाषेला लागणारे भेद पक्के करतं आणि नको असलेले सोडून देतं. म्हणजे लखनौच्या मुलीचा कान आळशी नव्हता. त्यानं आपलं काम चोख केलं होतं, फक्त दुसऱ्या भाषेसाठी.

अशा वेळी डोळ्यांची मदत घेता येते. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातले पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेला ‘प्रात’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. डच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बोल’. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तो वापरतात, पण घरच्या लॅपटॉपवरही तो सुखानं चालतो. त्यात आवाजाचं चित्र उमटतं. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर सेकंदाला होणारी कंपनं वाढत जातात आणि ज्या कंपनांत जोर जास्त तिथे काळपट छटा येते. स्वरांचे आडवे पट्टे दिसतात. च, स, श यांसारख्या घर्षणाच्या आवाजांचा ठिपक्याठिपक्यांचा ढग दिसतो. हा ढग बघायचा.

‘चहा’मधल्या च चा ढग साधारण अडीच-तीन हजार कंपनांपासून सुरू होतो. ‘चमचा’मधला च दातांजवळचा असल्यानं त्याचा ढग उचलून वर, चार-पाच हजारांच्या पुढे गेलेला असतो. आकडे माणसागणिक थोडे बदलतात, पण एकाच माणसाचे दोन च शेजारी ठेवले की फरक लपत नाही. माझ्या ‘चहाचा चमचा’मध्ये एक ढग खाली आणि तीन वर होते. तिच्यात चारही खाली. पडद्याकडे बघत ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही खरंच वेगळं म्हणत होता.”

पहिल्या दिवशी मात्र आमची चांगलीच फसगत झाली होती. तिनं कानात ब्लूटूथचे इयरफोन घातले होते आणि त्यांच्याच मायक्रोफोनमधून आम्ही रेकॉर्ड केलं. चित्राचा वरचा भाग कोरा! ब्लूटूथवर मायक्रोफोन सुरू झाला की पुष्कळ इयरफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातात. त्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8,000च नमुने घेतले जातात. नमुने जितके, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे इथे 4,000. जो फरक आम्ही शोधत होतो तो नेमका त्याच्या वर राहतो. फोनवर नाव सांगताना स आणि फ यांची गल्लत होते तीही याच कारणानं. साधा वायरचा मायक्रोफोन, सेकंदाला 44,100 नमुने आणि एकच चॅनल, एवढं ठेवलं की 22,000 कंपनांपर्यंतचं सगळं येतं आणि एका मिनिटाची डब्ल्यूएव्ही फाइल जेमतेम सव्वापाच एमबी होते. आणखी एक खाचखळगा ‘प्रात’मध्येच आहे. उघडल्यावर त्याचं चित्र फक्त 5,000 कंपनांपर्यंत दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन ते 10,000 केल्याशिवाय आपला ‘चमचा’ पुरता दिसत नाही.

मीटिंगसाठी असलेली आवाज गाळण्याची सोयही बंद ठेवावी. ती सोय सरसर-फुसफुस हा कचरा समजून काढते, आणि भाषेतले कितीतरी वर्ण मुळात फुसफुसच असतात. त्यापेक्षा पंखा बंद करावा. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे फ-भ ची फुंकर त्यावर आदळत नाही. खोली घुमत असेल तर कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसावं. टांगलेले कपडे आवाज छान शोषतात. आम्ही गोधडी टांगली होती.

रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज हेडफोनमधून उशिरानं परत येत असेल तर तेही बंद करायचं. बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकानं 1950 मध्ये नोंदवलं होतं, की आपलाच आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा कानावर पडला तर चांगला बोलणारा माणूसही अडखळायला लागतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला ही भाषा जमतच नाही. दोष यंत्रातल्या उशिराचा असतो.

सराव कसा केला ते सांगते. पन्नास वर्षांपूर्वीच्या भाषा-प्रयोगशाळांत टेपचे दोन ट्रॅक असत. एकावर शिक्षकाचा आवाज कायमचा, दुसऱ्यावर विद्यार्थ्याचा, पुसून पुन्हा भरता येणारा. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये हेच करता येतं. वरच्या ट्रॅकवर माझा ‘चांदणं’, खालच्यावर तिचा. मध्ये एका श्वासाचंही अंतर न ठेवता पाठोपाठ ऐकायचं. एका वेळी एकच शब्द, फार तर चार. पाच मिनिटांचं भाषण रेकॉर्ड करून ऐकत बसण्याचा उपयोग जवळपास शून्य. त्यात कान फक्त स्वतःच्या आवाजाला कंटाळतो.

आणि वरचा आवाज एकट्या माझा ठेवला नाही. जपानी विद्यार्थ्यांना र-ल ऐकायला शिकवणाऱ्या प्रयोगांत संशोधकांनी मुद्दाम अनेक माणसांचे आवाज वापरले होते. अॅन ब्रॅडलो, डेव्हिड पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं, की नुसतं असं ऐकण्याचं शिक्षण घेतलेल्यांचा उच्चारही सुधारला, तो वेगळा शिकवलेला नसताना. म्हणून मी इमारतीत फिरले. वॉचमनकाकांचा ‘चाक’, पहिल्या मजल्यावरच्या आजींचा ‘चव’, एका शाळकरी मुलाचा ‘चोर’ आणि ‘चार’ असं गोळा केलं. बायकांचे, पुरुषांचे, कोल्हापूरचे, नागपूरचे. ढग प्रत्येकाचा निराळा, पण ‘चार’ आणि ‘चोर’ यांच्यातलं अंतर प्रत्येकात होतं. तिसऱ्या आठवड्यात न बघता ती दहापैकी आठ वेळा ओळखू लागली. जीभ त्यानंतर काही दिवसांनी वळली.

नियमही तिनंच शोधला. एका रात्री निरोप आला, “काकू, ‘घोड्याचा’ वर आणि ‘घोड्याची’ खाली! इ, ई, ए आले की च खालीच जातो का?” मराठी शब्दांत बहुतांशी जातो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आणि काही इतर वेगळे राहतात. चंद्र खाली, त्याचं चांदणं मात्र वर. ज चंही असंच आहे, आणि ‘जग’ हा शब्द तर दोन्हीकडे आहे. दुनिया म्हणायची असेल तर तालव्य, आणि ‘सुखानं जग’ असं कुणाला सांगायचं असेल तर दंततालव्य. पुस्तकात डोळे फोडले तरी हे दिसणार नाही. म्हणूनच मला वाटतं, मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक पुस्तकासोबत आवाज असायलाच हवा, आणि शिकणाऱ्याचा आवाज घेण्याची सोयही.

तिच्या निमित्तानं मी माझं इंग्रजी रेकॉर्ड केलं. इंग्रजीत ‘पीच’ हे फळ आणि ‘बीच’ हा समुद्रकिनारा. माझा ‘पीच’ इंग्रज माणसाला ‘बीच’ वाटू शकतो, हे चित्रानं दाखवलं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क नंतर हवेची फुंकर येते आणि मग कंठ कंप पावू लागतो. ते अंतर सेकंदाच्या साठ ते ऐंशी हजारांशांइतकं असतं. आपल्या प-क मध्ये ते फारच थोडं. लाय लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी 1964 मध्ये अकरा भाषांत ही मोजणी केली, आणि त्या अकरांत मराठी होती. वाचताना मला आपली वर्णमाला आठवत राहिली. क, ख, ग, घ ही ओळ म्हणजे नेमका हाच हिशेब: फुंकर आहे की नाही, कंठाचा कंप आहे की नाही. त्यांनी तो हजारांशांत मांडला, आपल्याकडे तो मुलं पाटीवर गिरवतात.

म्हणजे मला फुंकर येते. ‘खीर’ म्हणताना ती मी रोज देते. इंग्रजी किल्लीच्या शब्दाला मात्र मी ‘की’ म्हणते, कारण मनात देवनागरी क लिहिलेला असतो. चित्रात माझं अंतर पंचवीस निघालं. ख च्या अर्ध्या वाटेवर जाऊन म्हणायला लागल्यावर पन्नास झालं. आता ती माझ्या फाइली तपासते.

परवा तिनं मार्चमधली आणि आताची फाइल एकाखाली एक लावली. आताच्या ‘चहाचा चमचा’मध्ये सावकाश म्हटलं की तिन्ही ढग वर असतात. घाईत म्हटलं की शेवटचा अजून खाली घसरतो. तिनं त्याला लाल खूण केली आणि नवी फाइल उघडून तिला ‘ज्ञ’ असं नाव दिलं. लखनौत तो ‘ग्य’, आपल्याकडे ‘द्न्य’. पंखा बंद करून, गोधडीकडे तोंड करून तिनं पहिला शब्द म्हटला, ‘ज्ञानेश्वरी’.