पुठ्ठ्यावरचे खेळाडू

जुन्या जपानी बेसबॉल कार्डांवर पुस्तक काढायचं म्हटलं, तर पहिली अडचण ही की त्यातल्या बहुतेक कार्डांवर साल नसतं. छापणाऱ्याचं नाव अनेकदा नसतं, मालिकेचं नाव नसतं, एकूण किती कार्डं निघाली हेही कुठे लिहिलेलं नसतं. समोर एका खेळाडूचं भडक रंगातलं चित्र असतं. मागे एक लांबलचक आकडा, शेजारी दगड-कागद-कात्रीच्या खेळातली एखादी खूण, कधी एखाद्या सैनिकी हुद्द्याचं नाव. एवढ्या सामग्रीवर अशा शेकडो मालिकांची कालक्रमाने यादी करायची आणि ती छापून दुसऱ्याच्या हाती द्यायची.

ही यादी झालेली आहे. गॅरी एंगेल या अमेरिकन संग्राहकाने जुन्या जपानी बेसबॉल कार्डांची सूची आणि किंमत-मार्गदर्शिका तयार केली. इंग्रजीत तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि आज जगभरचे संग्राहक तिच्यातल्या सांकेतिक क्रमांकांनीच या कार्डांबद्दल बोलतात. गोल कार्डांना एक अक्षरगट, चौकोनी कार्डांना दुसरा, खाऊबरोबर आलेल्यांना तिसरा, फोटोच्या छोट्या प्रतींना चौथा, आणि त्यापुढे मालिकेचा आकडा. दिसायला ही रुक्ष यादी आहे, पण मला तो खेळाच्या इतिहासातला एक मोठा ग्रंथ वाटतो. असं काम आपल्याकडे का झालं नाही, हे नागपुरात बसून विचारावंसं वाटतं, म्हणून हा आढावा.

जपानला बेसबॉल 1872 च्या सुमारास पोचला. टोकियोत शिकवणाऱ्या होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने तो विद्यार्थ्यांना शिकवला, असं मानलं जातं. व्यावसायिक संघांची साखळी स्पर्धा 1936 मध्ये सुरू झाली. 'मेंको' हा पोरांचा खेळ मात्र त्याहून कितीतरी जुना. आधी मातीच्या चकत्या होत्या, मेइजी काळात शिशाच्या आल्या. शिसं मुलांना बाधतं हे कळल्यावर पुठ्ठ्याच्या चकत्यांनी त्यांची जागा घेतली. जमिनीवर ठेवलेल्या भिडूच्या मेंकोवर किंवा तिच्या शेजारी आपली मेंको जोराने आपटायची. वाऱ्याच्या झोताने किंवा धक्क्याने त्याची उलटली, की ती आपली. म्हणून पुठ्ठा जाड, आणि म्हणूनच जुन्या मेंकोच्या कडा झिजलेल्या, कोपरे दबलेले. त्यावर आधी सामुराई, सुमो मल्ल आणि सैनिक असायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेसबॉल खेळाडूंनी त्यांना बाजूला सारलं. देश बेचिराख झालेला, वर अमेरिकन अंमल, आणि गल्लीतल्या खाऊच्या दुकानात एका नाण्याला कावाकामी किंवा ओशितासारखा बेसबॉलपटू मिळतो. त्या पिढीने आपले नायक असे हातात धरले.

मागचा लांब आकडा आणि दगड-कागद-कात्रीची खूण खेळासाठी होती. आपटाआपटीचा कंटाळा आला की दोघांनी आकडे पाहायचे, मोठा आकडा जिंकला. पोरांच्या दृष्टीने तेवढंच. पण पुढे यादी करणाऱ्याला हाच आकडा उपयोगी पडतो, कारण आकड्यांच्या धाटणीवरून कुठली कार्डं एका घरात छापली गेली असावीत, याचा माग लागतो.

साल ठरवण्याची रीत इथे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी विद्या तिथे आहे. समजा, हातात एक मेंको आली आणि खेळाडूच्या छातीवर मायनिची ओरायन्स संघाचं नाव आहे. 1950 च्या हंगामात जपानची एकच लीग फुटून सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन झाल्या. संघ 8 चे 15 झाले, आणि ओरायन्स त्या नव्या संघांपैकी एक. म्हणजे कार्ड त्या फाटाफुटीच्या आधीचं असणं शक्य नाही. दुसऱ्या कार्डावर आडव्या ओळीतली अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहिलेली आहेत. ही युद्धापूर्वीची सवय, युद्धानंतर ती झपाट्याने मागे पडली. अक्षरांची रूपं पाहायची, कारण 1946 पासून सरकारने चिनी अक्षरांची संख्या मर्यादित केली आणि पुढे त्यांची रूपंही सोपी झाली. मग खेळाडू पाहायचा. तो त्या संघात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होता? एकाच मालिकेतल्या दहा खेळाडूंच्या अशा मुदती एकमेकींवर ठेवल्या, की सगळ्यांना सामाईक असं एक वर्ष, फार तर दोन उरतात. ते मालिकेचं साल. ताम्रपटावर तिथी नसेल तर आमचे पुराभिलेखतज्ज्ञ लिपीच्या वळणावरून आणि राजांच्या नावांवरून शतक ठरवतात. शिस्त तीच आहे, कागद फक्त स्वस्त आहे.

मेंकोच्या जोडीने ब्रोमाइड आली. ही खेळाडूंच्या कृष्णधवल फोटोंची लहानशी कार्डं. 1967 मध्ये काबाया या खाऊ-कंपनीने अमेरिकेतल्या लीफबरोबर 105 कार्डांची मालिका काढली. रूप थेट अमेरिकन वळणाचं. आणि 1973 मध्ये हिरोशिमात जन्मलेल्या कॅल्बी कंपनीने खाऊच्या पुडक्याबरोबर बेसबॉल कार्ड द्यायला सुरुवात केली. पहिल्या क्रमांकावर अर्थातच त्या काळचा तारा शिगेओ नागाशिमा. त्याच्या आधी कॅल्बीने 'कामेन रायडर' या दूरदर्शन मालिकेची कार्डं खाऊबरोबर दिली होती. तेव्हा पोरं कार्ड काढून घेऊन खाऊ फेकून द्यायला लागली, आणि त्यावर जपानभर पालक-शिक्षकांची ओरड झाली. बेसबॉलच्या कार्डांना लोकांनी खाऊइतकाच मान दिला आणि ती आजतागायत चालू आहेत. 868 होमरनचा सादाहारू ओ जपानी पोरांच्या मनात राहिला तो मैदानाइतकाच या कागदाच्या तुकड्यांमुळे.

या यादीकारांचा मूळपुरुष मात्र जपानमध्ये नाही, न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये सापडतो. जेफर्सन बर्डिक हा एका विद्युत-उपकरणांच्या कारखान्यात सुटे भाग जोडणारा कामगार. तरुणपणापासून संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने 1939 मध्ये अमेरिकन कार्डांची पहिली मोठी सूची छापली, नंतर ती वाढवत नेली. सिगारेटच्या विसाव्या शतकातल्या कार्डांना त्याने टी हे अक्षर दिलं आणि पुढे आकडा. आज लिलावात कोट्यवधी रुपयांना जाणाऱ्या, होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या कार्डाला सगळे 'टी 206' म्हणतात, ते नाव याच माणसाने दिलेलं. आपला तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह त्याने मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, आणि स्वतः तिथे बसून, दुखऱ्या हातांनी, तो वह्यांमध्ये चिकटवत राहिला. जानेवारी 1963 मध्ये चिकटवण्याचं काम संपलं, मार्चमध्ये तो वारला. त्याची क्रमांकपद्धती जपानी कार्डांच्या सूचीनेही आपल्यापरीने उचलली.

आता आपल्याकडे येऊ.

जपान म्हटलं की नागपूरकराला कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर आठवतं, भदंत सुरेई ससाई आठवतात, हे योग्यच आहे. पण जपानचा छापील कागद त्यांच्या कितीतरी आधी आपल्या घराघरांत आला होता, तो काडेपेटीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोबे-ओसाकाच्या काडेपेट्या हिंदुस्थानात येत. त्यांच्यावर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ. रवि वर्म्याच्या चित्रांच्या नकलाही त्यांवर उतरल्या. 1922 मध्ये आयात काडेपेट्यांवर जबर जकात बसली. त्यानंतर स्वीडिश भांडवलाची विमको कंपनी निघाली आणि तिचा एक कारखाना आपल्या अंबरनाथला उभा राहिला. पुढे शिवकाशी आली. पोट्टे या पेट्यांवरचे छाप फाडून जमवायचे, त्यांवर डाव लावायचे, हरायचे, रडायचे. मेंकोच्या खेळाशी त्याचं नातं सांगायला वेगळा पुरावा नको.

रवि वर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याचं काम त्याच्याही आधी, 1878 चं. म्हणजे रंगीत छापील चित्र ही महाराष्ट्राची जुनी कमाई. तिच्यावर पुस्तकं झाली, आणि चांगली झाली. नॉयमायर आणि शेलबर्गर यांचं रवि वर्मा आणि छापील देवतांवरचं (2003), क्रिस्टोफर पिनी यांचं 'फोटोज ऑफ द गॉड्स' (2004), कजरी जैन यांचं 'गॉड्स इन द बझार' (2007), वॉरेन डॉट्झ यांचं काडेपेट्यांवरचं 'लाइट ऑफ इंडिया' (2007). पिनी आणि जैन यांची पुस्तकं चित्रांचा अर्थ लावतात, आणि ते महत्त्वाचंच आहे. डॉट्झ यांचं डोळ्यांना सुख देतं. पण कुठला छाप कुठल्या कारखान्याने कोणत्या साली, किती प्रकारांत काढला, हे ओळीने सांगणारी बर्डिकच्या जातीची सूची यांतलं कोणतंच देत नाही. आणि ही चारही पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत यातलं काहीच नसावं, हे मला बोचतं.

क्रिकेटच्या बाबतीत तर नागपूरने मागे राहण्याचं कारण नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 31 ऑक्टोबर 1895 रोजी इथे जन्मले. रणजितसिंहांचं चित्र विल्स कंपनीच्या 1896 च्या सिगारेट-कार्डांत आहे, दुलीपसिंहजींचं प्लेअर्सच्या 1930 च्या मालिकेत. दोघेही इंग्लंडकडून खेळले. नायडूंचं चित्र आपल्या टपाल खात्याने 1996 मध्ये तिकिटावर छापलं. देवधर, मर्चंट आणि मांकड यांच्याबरोबर. तिकिटाचं भाग्य असं की त्याला जन्मतःच तारीख असते आणि कॅटलॉगात जागा. कार्डाला ती कोणीतरी मिळवून द्यावी लागते.

इथल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिली कसोटी ऑक्टोबर 1969 मध्ये झाली, न्यूझीलंडविरुद्ध, आणि आपण ती हरलो. त्याच मैदानावर 31 ऑक्टोबर 1987 रोजी, योगायोगाने नायडूंच्या जन्मदिवशीच, पुन्हा न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. तिघेही त्रिफळाचीत. नंतर गावसकरने एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. त्याच काळात 'बिग फन' या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळत. चित्राबरोबर धावा किंवा विकेट छापलेल्या असत, ठरलेली बेरीज झाली की बक्षीस. कॅल्बीच्या कार्डांची आठवण यावी असाच प्रकार. महाराष्ट्रातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या पिढीला हे नाव उच्चारताच बोटांना तो गुळगुळीत, साखरेच्या भुकटीचा कागद जाणवतो. आणि या मालिकेत किती खेळाडू होते, कोणाची किती चित्रं होती, पहिली कधी आली, शेवटची कधी, याची छापील सूची माझ्या पाहण्यात नाही. पुण्याच्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' संग्रहालयात बॅटी, टोप्या, जर्सी जपल्या जातात ते मोलाचं आहे. पण कागदाचा हा सगळ्यात खालचा थर अजून कोणाच्या खात्यावर चढलेला नाही. विदर्भाने रणजी करंडक 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा जिंकला, त्या पोरांची कार्डंसुद्धा कोणी नीट काढली तर पाहायला आवडतील.

दिवाळीची साफसफाई हा या कागदाचा काळ आहे. फराळाआधी माळा उतरतो, पत्र्याचा डबा उघडतो, आणि आतलं सगळं रद्दीत जातं.

असं पुस्तक नागपुरातून काढायचं झालं तर काय लागेल, तेही सांगतो. किंमत छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत दोन वर्षांत शिळी होते आणि पुस्तकाला बाजारभावाच्या पत्रकाचं रूप येतं. दुर्मिळतेची श्रेणी द्यावी, ती टिकते. छायाचित्रांचा प्रश्न गंभीर आहे. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे निनावी कृतीचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1987 चा निनावी कागद 2047 अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीचा. समीक्षेसाठी मर्यादित वापराला मुभा आहे, तरी पानभर रंगीत चित्र छापण्याआधी कंपनी किंवा तिचे वारस शोधून परवानगी मागितलेली बरी. आयएसबीएन आपल्याकडे विनामूल्य मिळतो. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, शिवाय चेन्नई, मुंबई आणि दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. हा नियम अनेक छोटे प्रकाशक टाळतात. या पुस्तकाने टाळू नये, कारण डबे रद्दीत गेले तरी चार शहरांत यादी राहील.

छपाईला फार पैसा लागू नये. रंगीत पानं एकत्र बांधावीत, यादी काळ्या शाईत. मोजक्या प्रती काढाव्यात, मागणी तसतशा वाढवाव्यात. खर्च खरा लागतो तो पडताळणीला. एकाच चित्राच्या पाच वेगवेगळ्या प्रती पाच घरांतून पाहिल्याशिवाय तो छाप नोंदीत घेऊ नये, असा नियम केला तर काम वर्षानुवर्षं चालेल. वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला इथले डबे पाहावे लागतील, कारण वितरण गावागणिक बदलत असे.

नोंदीचे रकाने मी असे धरतो: खेळाडूचं नाव, छापलेलं स्पेलिंग जसंच्या तसं, धावा की विकेट, आकडा, कागदाची मापं मिलिमीटरमध्ये, मागची छपाई, घडीच्या खुणा, कोणत्या गावात सापडला, आणि मालकाला आठवत असेल तर तो कोणत्या दुकानातून आणला. शेवटचा रकाना अमेरिकन सूचीत नसतो. आपल्याकडे तो हवा, कारण इतवारी किंवा गोकुळपेठेतलं ते दुकान आज बहुधा उरलेलं नसेल, आणि साल ठरवायला दुकान कधी उघडलं, कधी बंद झालं, हाच पुष्कळदा हाती राहणारा पुरावा आहे.