वय झालंय, म्हणून पोट बिघडलं?

रात्रीचे अडीच. सकाळी दहाची डेडलाइन, डोळ्यांत झोप आणि हॉलची फरशी तिसऱ्यांदा पुसणारी मी. समोर ब्रुनो, कान पाडून, जणू त्यानेच गुन्हा केलाय असा चेहरा करून उभा. बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर म्हणजे कुत्र्यांमधले आजोबाच की हो!

पहिली उलटी वसुबारसेच्या रात्री झाली. माझं निदान तयारच होतं. शेजारच्या काकूंनी चकली भरवली असणार. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘अगं, वय झालंय त्याचं. पोट बिघडणारच. दहीभात दे, होईल बरा.’’ दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. जुलाब काही थांबेनात.

नरक चतुर्दशीच्या पहाटे अख्खी सोसायटी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, आणि मी पार्किंगमागे मोबाइलचा टॉर्च लावून वाकलेली. शी काळी होती. काळी, चिकट, डांबरासारखी. फोटो काढला. (हो, शीचा. गोव्याच्या ट्रिपच्या फोटोंशेजारीच आहे तो!) डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन, ‘‘कुठली गोळी चालू आहे का त्याला?’’

गोळी? होती ना. मागचे पाय आखडतात म्हणून सांधेदुखीची, मेलॉक्सिकॅम. गेल्या आठवड्यात ऑफिसांच्या मीटिंग्जच्या घाईत दोन-तीनदा रिकाम्या पोटीच दिली होती. आणि उलट्या सुरू झाल्यावरही न चुकता देत राहिले. औषधाचा कोर्स मोडू नये म्हणतात ना!

डॉक्टर ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. या जातीच्या पेनकिलर्स पोटाचं आतलं संरक्षक अस्तर कमकुवत करतात, तिथे अल्सर होऊ शकतो. काळी शी म्हणजे वरच्या भागात, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव होत असण्याची शक्यता. त्यात जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं, की तीच गोळी किडनीलाही त्रास देते. म्हणजे उलट्या-जुलाब सुरू झाले, की पेनकिलर तिथेच थांबवायची आणि लगेच फोन करायचा. मी नेमकं उलटं केलं होतं.

ब्रुनोला सलाइन लागलं, पोटाची औषधं सुरू झाली आणि रक्ततपासणी झाली. तपासणी कशाला, असं मला वाटलं होतं. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या उलट्यांमागे किडनी, लिव्हर, स्वादुपिंड असं काहीही असू शकतं. ‘वय झालंय’ हे निदान नाही, हे मला तिथे टेबलाशेजारी उभं राहून कळलं. दोन वर्षांचा कुत्रा एखाद दिवस ढेपाळून परत उड्या मारतो. बारा वर्षांच्याकडे तेवढी शिल्लक नसते.

डॉक्टरांनी एक सोपी ट्रिक शिकवली. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा, सोडा. पांढरी झालेली जागा दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरडी कोरडी, चिकट लागत असेल, तर पाणी कमी पडतंय. मानेची कातडी चिमटीत धरून बघण्यावर मात्र म्हाताऱ्या कुत्र्यात भरवसा नको. वयाने ती तशीही सैल झालेली असते. रक्त दिसलं, पाणीही पोटात ठरेना, कुत्रा मलूल पडला किंवा पोट फुगून नुसतेच कोरडे उमाळे यायला लागले, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि प्लीज, आपल्या ड्रॉवरमधली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर अजिबात नाही!

जेवणाचं म्हणाल तर ते सगळ्यात सोपं निघालं. मीठ-मसाला, कांदा-लसूण काही न घालता उकडलेलं बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन आणि मऊ भात. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. पूर्वी ‘चोवीस तास उपाशी ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळायचा. म्हाताऱ्याला आपल्या मनाने उपाशी ठेवू नका, डायबिटीस असेल तर मुळीच नाही.

काकूंची मनातल्या मनात माफी मागितली. त्यांनी काहीच दिलं नव्हतं. तरी त्यांना सांगून ठेवलंय, तळलेला फराळ नको आणि चिवड्यातले बेदाणे तर नकोच, ते कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतात.

फ्रिजवर आता एक कागद चिकटवलाय : गोळीचं नाव, वेळ, आधी खाल्लं का? सांधेदुखीचं औषध अजून बंदच आहे. दुसरं काय द्यायचं, ते पुढच्या रिपोर्टनंतर ठरेल. तोवर जिना चढताना मी त्याला मागून आधार देते.

काल त्याने भात बाजूला सारून फक्त चिकन निवडून खाल्लं. मी काही बोलले नाही.