किरणोत्सर्गी वायुविसर्जन, अपघातोत्तर

अणुऊर्जा केंद्रात अपघात झाल्यावर विक्रियकाच्या (अणुभट्टीच्या) बंदिस्त इमारतीत साठलेले किरणोत्सर्गी (भेदक किरण बाहेर टाकणारे) वायू हेतुपुरस्सर व नियंत्रित रीतीने वातावरणात सोडण्याची क्रिया. तीविषयी जनतेत उद्भवणारी चिंता केवळ किरणांच्या मात्रेवर अवलंबून नसते. माहिती कोण देतो व त्याच्यावर लोकांचा कितपत विश्वास आहे, यांवरही ती अवलंबून असते. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्राचे प्रकरण याचे ठळक उदाहरण होय.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील या केंद्राच्या दुसऱ्या विक्रियकाचा गाभा २८ मार्च १९७९ रोजी अंशतः वितळला. दोन दिवसांनी धुराड्याच्या थेट वर घेतलेल्या मोजमापाचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि सुमारे ८ किमी. परिसरातील गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना दूर जाण्याचा सल्ला देण्यात आला. प्रत्यक्षात लाखाहून अधिक लोकांनी घरे सोडली. अधिकृत निवेदनांवरील लोकांचा विश्वास तेव्हाच डळमळला.

इमारतीत उरलेला मुख्य वायू क्रिप्टॉन–८५ हा होता. त्याचे अर्धायुष्य (क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा काळ) सुमारे १०·७ वर्षे असल्याने तो आपोआप नाहीसा होईपर्यंत थांबणे अशक्य होते आणि तो असेपर्यंत कामगारांना आत दीर्घकाळ काम करता येत नव्हते. हा निष्क्रिय वायू असल्याने आयोडीन–१३१ प्रमाणे शरीरात साठून राहत नाही. त्याचे बीटा किरण मुख्यत्वे त्वचेवर परिणाम करतात आणि हवेत पसरल्यावर त्याची संहती झपाट्याने घटते.

कोळशावर शोषण, अतिशीत द्रवीकरण, दाबाखाली साठवण हे पर्यायही विचारात घेतले गेले; तथापि त्यांच्या उभारणीस बराच काळ लागला असता. १९८० च्या मार्चमध्ये जवळच्या मिडलटाउन येथील सभेत नागरिकांनी तीव्र संताप व्यक्त केला. राज्यपाल रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी अणुऊर्जेचे टीकाकार असलेल्या ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’ या संस्थेचेच मत मागविले. शारीरिक अपाय नगण्य राहील, मात्र मानसिक ताण खरा असून तो हिशेबात धरावा, असे तिने कळविले. ही निवड शहाणपणाची होती. हेच आश्वासन केंद्राच्या चालकांनी दिले असते, तर ते कोणी मानले नसते. परिसरातील रहिवाशांना किरणमापक उपकरणे हाताळण्याचे शिक्षणही देण्यात आले. २८ जून ते ११ जुलै १९८० या काळात सुमारे ४३,००० क्यूरी क्रिप्टॉन सोडण्यात आला. २३ जुलैला तंत्रज्ञ प्रथमच इमारतीत शिरले.

न्यायालयीन वाद पुढेही चालला. मागणी असूनही सुनावणी न घेता विसर्जनास परवानगी देणे अयोग्य होते, असा निर्णय अपील न्यायालयाने त्याच वर्षी दिला. नंतर अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला.

महाराष्ट्रात असा प्रसंग उद्भवलेला नाही. मात्र तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या उकळत्या पाण्याच्या विक्रियकांत वाफ थेट टरबाइनकडे जात असल्याने निष्क्रिय वायूंचा अल्पांश नित्याच्या कामकाजातही काही काळ रोखून धरून उंच धुराड्यातून सोडावा लागे. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाने शासनास माहिती गोपनीय ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले होते. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे इमारतींतील दाब कमी करण्यासाठी किरणोत्सर्गी वायू सोडावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील नियोजित जैतापूर प्रकल्पास भूसंपादनावरून आधीच असलेला विरोध त्यानंतर अधिक तीव्र झाला. १८ एप्रिल २०११ रोजी तेथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने एक जण मृत्यू पावला.